एकाच थंडीत गहू खुश, केळी नाराज

या वेळच्या टपालात अर्धी पत्रं जानेवारीतल्या गारठ्याची आहेत आणि अर्धी येऊ घातलेल्या उन्हाळ्याची. खानदेशात हे व्हायचंच. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि त्याच शिवारात एखाद्या हिवाळ्यात पहाटे १० अंशांच्या खाली उतरतो. आपण गोधडी ओढतो, कूलर लावतो. झाडाला जागा सोडता येत नाही. त्याला जे काही करायचं ते स्वतःच्या पेशींच्या आत करावं लागतं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवताना हाच भाग मी सगळ्यात मन लावून शिकवायची. म्हणून आज सगळी जागा याच पत्रांना देते.

प्रश्न : थंडी कडक पडली की आमच्याकडे म्हणतात, यंदा गहू साधला. त्याच थंडीत शेजारच्या बागेतली केळी मात्र पिवळी पडते. एकच थंडी एकाला मानवते आणि दुसऱ्याला बाधते, हे कसं?
– एक जुने शेतकरी, ता. शिरपूर

उत्तर : दादा, फरक आहे तो पेशीभोवतीच्या पातळ पडद्यात. त्याला पेशीपटल म्हणतात. हा पडदा मुख्यतः स्निग्ध पदार्थांचा असतो आणि सगळे स्निग्ध पदार्थ थंडीत सारखे वागत नाहीत. हिवाळ्यात सकाळी डब्यातलं तूप थिजलेलं असतं, पण शेजारचं शेंगदाण्याचं तेल पातळच राहतं. केळीच्या पडद्यात लवकर थिजणाऱ्या स्निग्धांचा वाटा मोठा. पारा १२-१३ अंशांच्या खाली काही रात्री राहिला की तो पडदा ताठर होतो, त्यात बसलेल्या प्रथिनांचं काम अडतं आणि पेशीतले क्षार बाहेर झिरपू लागतात. पान पिवळं पडलेलं आपल्याला नंतर दिसतं. बिघाड त्याआधीच झालेला असतो.

गहू मूळचा पश्चिम आशियातला, थंड हिवाळा पाहिलेला. रात्री गार व्हायला लागल्या की तो आपल्या पडद्यातली स्निग्धं बदलायला घेतो. न थिजणारी वाढवतो, पेशीत साखर साठवतो. या तयारीला त्याला काही दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. म्हणून दिवाळीनंतर हळूहळू वाढत गेलेली थंडी गव्हाला काही करत नाही. केळी आग्नेय आशियातल्या दमट, उबदार रानांतली. तिच्या पूर्वजांवर ही वेळच आली नाही, त्यामुळे तिच्याकडे ही तयारी फार तोकडी आहे.

गव्हाला थंडी लाभते याचं आणखी एक कारण आहे. गारव्यात त्याचं वय सावकाश वाढतं. फुटवे फुटायला, ओंबी पोसायला आणि शेवटी दाणा भरायला जास्त दिवस मिळतात. उष्णता वाढली की हे दिवस कमी होतात आणि दाणा भरायच्या आत पीक पिकून मोकळं होतं. मार्च २०२२ आठवून पाहा. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला तो सर्वांत उष्ण मार्च होता. उत्तरेत गहू नेमका दाणे भरण्याच्या अवस्थेत सापडला, दाणा बारीक पडला आणि १३ मे २०२२ रोजी केंद्र सरकारनं गव्हाची निर्यात थांबवली. आपल्याकडे कपाशी काढून उशिरा गहू पेरणारे दरवर्षी हाच धोका पत्करतात. माझं स्पष्ट मत आहे की डिसेंबरचा मध्य उलटल्यावर गव्हापेक्षा दुसऱ्या पिकाचा विचार करावा.

प्रश्न : ताई, माझी मृग बाग (जून-जुलैची लागवड) आहे, ग्रँड नैन वाण, टिश्यू कल्चरची रोपं. जानेवारीच्या गारठ्यात काही झाडं निसवली (घड निघू लागला), पण घड पुरता बाहेर आलाच नाही, गळ्यातच अडकला. बांधापलीकडच्या बागेत असं काही झालं नाही, आणि त्यांचं खत माझ्यासारखंच आहे. आता मार्च-एप्रिलमध्ये निसवणारी झाडं तरी चांगली निघतील ना?
– केळी उत्पादक, ता. रावेर

उत्तर : भाऊ, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर तुम्हाला आजच कळायला हवं. घड ज्या दिवशी दिसतो त्या दिवशी तो तयार होत नाही. केळीचा खांब म्हणजे एकात एक गुंडाळलेले पानांचे देठ. खरा वाढीचा कोंब खाली कंदाच्या डोक्यावर असतो. तिथे फुलाची घडण सुरू होते ती निसवणीच्या दोन-तीन महिने आधी. त्या वेळी दहा-अकरा पानं अजून पोटातच असतात. म्हणजे मार्चमध्ये निसवणाऱ्या झाडाला किती फण्या येणार हे डिसेंबर-जानेवारीतच ठरलं, नेमकं गारठ्यात. ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका इथल्या थंड हिवाळ्यातून जाणाऱ्या बागांत हाच अनुभव आहे: हिवाळ्यात पोटात घडलेले घड वसंतात बाहेर पडतात तेव्हा फण्या कमी आणि फळं वेडीवाकडी असतात. तुमच्या सगळ्याच झाडांचं असं होईल असं नाही, पण काहींचं होईल. आता कितीही खत टाकलं तरी फण्यांची संख्या वाढणार नाही. ज्या फण्या आहेत त्या नीट भराव्यात एवढं हातात आहे, आणि त्यासाठी पाणी आणि पालाश (पोटॅश) यांत खंड पडू देऊ नका.

घड अडकला त्याचं कारण साधं आहे. घडाचा दांडा पेशी लांबून वर सरकतो आणि खांबाच्या तोंडातून बाहेर पडतो. थंडीत पेशींचं लांबणं मंदावतं. पानंही जवळजवळ येतात, गळा आवळतो आणि घड तिथेच थांबतो.

आता बांधापलीकडची बाग. तुम्ही खताची तुलना केलीत. मी आधी जमिनीचा उतार पाहीन. गार हवा जड असते, रात्री ती उताराने खाली वाहते आणि नाल्याकाठच्या खोलगट शेतात साचते. तुमचं शेत शेजाऱ्यापेक्षा हातभर जरी खोल असेल तरी पहाटे तुमच्याकडे एक-दोन अंश कमी भरतील. मग पाहीन ती लागवडीची तारीख. तुमची बाग आणि त्यांची बाग यांत दोन-तीन आठवड्यांचं अंतर असेल तर थंडीच्या त्या रात्री तुमची झाडं नाजूक टप्प्यावर होती आणि त्यांची नव्हती, इतका हा मामला वेळेचा आहे. त्यांच्या उत्तरेकडच्या बांधावर शेवरी किंवा गजराज गवताची ओळ आहे का, तेही बघा. सातपुड्यावरून उतरणारा बोचरा वारा अशा ओळीने बराच अडतो. आणि त्यांचं पाणी रात्री चालतं का? विहिरीचं, कूपनलिकेचं पाणी हिवाळ्यात हवेपेक्षा उबदार असतं. ओली जमीन दिवसाची ऊब कोरड्या जमिनीपेक्षा जास्त साठवते आणि रात्री सोडते.

एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. गारठ्याच्या रात्रीनंतर लखलखीत ऊन पडलं की नुकसान वाढतं. पान ऊन तर शोषून घेतं, पण थंडीने त्याची अन्न तयार करण्याची यंत्रणा सुस्तावलेली असते. शोषलेली ती शक्ती कुठेच कामाला लागत नाही आणि हरितद्रव्याच्या आसपासच मोडतोड करते. पानावर फिकट, पांढुरके पट्टे उमटतात ते यामुळे. त्यावर बुरशीनाशक मारून उपयोग नाही. हिवाळ्यात करपा हा बुरशीचा रोगही येतो, त्यामुळे गफलत होते. करप्याचे ठिपके शिरांना समांतर, लांबट असतात आणि खालच्या पानांपासून वर चढतात. हा फरक ओळखता आला नाही तर जळगावच्या केळी संशोधन केंद्रात पान नेऊन दाखवा. औषधावर पैसे घालण्याआधी दाखवा.

पुढच्या हंगामासाठी वारारोधक ओळ लागवडीबरोबरच लावा, म्हणजे डिसेंबरपर्यंत ती डोक्याएवढी होईल. थंडी पडल्यावर धावपळ करून लावलेली ओळ त्या वर्षी कामाची नाही.

प्रश्न : फ्रीजमध्ये ठेवलेली केळी बाहेरून काळी का पडतात? आत तर ती चांगली असतात.
– गृहिणी, भुसावळ

उत्तर : ताई, वर शिरपूरच्या दादांना जे लिहिलं तेच तुमच्या फ्रीजमध्ये घडतं. ४-५ अंशांत सालीच्या पेशींचे पडदे फुटतात, एकमेकांपासून वेगळे ठेवलेले पदार्थ मिसळतात, त्यांवर एका विकराची (एन्झाइमची) क्रिया होते आणि साल तपकिरी-काळी होते. कापलेलं वांगं काळं पडतं ते याच प्रकारच्या विकरामुळे. म्हणून केळी परदेशी पाठवताना कंटेनरमध्ये १३-१४ अंश ठेवतात, त्याखाली नेत नाहीत. पिकलेली केळी फ्रीजमध्ये ठेवली तर गर खायला चांगला राहतो. कच्ची मात्र ठेवू नका, ती नंतर बाहेर काढूनही धड पिकत नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे डाब-मोलगीच्या बाजूला पहाटे गवतावर दव गोठतं. शाळेतला तापमापक ४ अंश दाखवतो. पाणी तर शून्याला गोठतं ना? आणि शेकोट्या पेटवून धूर केल्याने हरभरा वाचतो का?
– एक शिक्षक, ता. अक्कलकुवा

उत्तर : सर, तुमचा तापमापक बरोबर आहे आणि गोठलेलं दवही खरं आहे. तापमापक डोक्याएवढ्या उंचीवर, पेटीच्या आत असतो. गवताचं पातं उघड्या आभाळाखाली. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पानं आपली ऊब सरळ आकाशाकडे सोडत राहतात आणि आसपासच्या हवेपेक्षा काही अंश गार होतात. त्यातून जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते. म्हणून वर ४ अंश असताना खाली शून्य गाठलं जातं.

बर्फ झाडाला मारतो कसा, हे समजून घेण्यासारखं आहे. तो बहुधा आधी पेशीच्या आत होत नाही. पेशींच्या मधल्या फटींत होतो आणि तिथून पेशीतलं पाणी बाहेर खेचत राहतो. गोठून मेलेलं पान खरं तर तहानेनं मेलेलं असतं. म्हणूनच साखर साठवलेली, सावकाश थंडीला सरावलेली पेशी टिकते, कारण ती पाणी धरून ठेवते. हरभरा कोवळ्या रोपात बरीच थंडी सोसतो, पण फुलोऱ्यात नाही. रात्री फार गार राहिल्या तर फुलं येतात, घाटे धरत नाहीत.

धुराबद्दल माझं मत बहुतेकांना पटणार नाही. धूर ऊब अडवून धरतो अशी समजूत सर्वत्र आहे, पण धुराचे कण फार बारीक असतात आणि पानांतून निघणारी ऊब त्यांतून आरपार जाते. उपयोग होतो तो आगीच्या उष्णतेचा आणि त्यामुळे हवा खालीवर होण्याचा. म्हणून एक मोठा जाळ करण्यापेक्षा बांधावर लांबलांब अंतराने पुष्कळ लहान शेकोट्या बऱ्या. मोठ्या जाळाची गरम हवा सरळ वर निघून जाते. टायर तर कधीच जाळू नयेत. पिकाला काही लाभ नाही आणि पोरांच्या छातीत तो धूर जातो. डोंगरात पाणी असेल तर आदल्या दिवशी जमीन भिजवून ठेवणं जास्त कामाचं.

प्रश्न : मॅडम, मी अकरावीत आहे. मार्च-एप्रिलमध्ये सगळं करपत असताना कडुनिंबाला कोवळी पालवी कशी फुटते? त्याला पाऊस येणार हे आधी कळतं का?
– विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : बाळ, फार चांगला प्रश्न विचारलास. यावर शास्त्रज्ञांनी बरंच काम केलं आहे. झाडाला पाऊस कळत नाही. त्याला दिवसाची लांबी कळते आणि तापमान कळतं. पानांतला फायटोक्रोम हा रंगद्रव्यासारखा रेणू उजेड मोजतो हे पूर्वीपासून माहीत होतं. तोच रेणू रात्रीची ऊबही मोजतो हे २०१६ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं.

पाणी कुठून येतं ते सांगते. हिवाळा सरताना जुनी पानं गळली की पाण्याचा खर्च जवळजवळ थांबतो. खोल मुळं जे थोडं थोडं पाणी ओढतात ते खोडात साठत जातं. खोड पुरेसं भरलं की कळ्या फुगतात. तुमच्या धुळे-जळगावच्या माळांवर अंजन आहे ना, त्याचं रोप वर वीतभर दिसतं तेव्हाच त्याचं सोटमूळ त्याच्या कितीतरी पट खोल गेलेलं असतं. पळस, मोह, कडुनिंब सगळ्यांचा भर याच खोल ओलीवर. पावसाची वाट न पाहता पालवी फुटल्याचा फायदा असा की जूनमध्ये पहिली सर येते तेव्हा पानं पुरती तयार असतात आणि त्या दिवसापासून काम सुरू होतं.

मोहाची आणि पिंपळाची कोवळी पानं तांबूस असतात, ते नीट बघ. तो तांबडा रंग कोवळ्या पानाला प्रखर उजेडापासून वाचवतो, हरितद्रव्याची यंत्रणा पक्की होईपर्यंत. आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन यावल-पालच्या जंगलात जायचो तेव्हा मी एकाच फांदीवरची तांबडी, पोपटी आणि गडद हिरवी पानं एका ओळीत मांडायला लावायची. तूही तुझ्या अंगणातल्या झाडावर करून पाहा आणि वहीत तारीख टाक.

प्रश्न : एप्रिलच्या शेवटी पॉलिहाउसमधून आणलेली केळीची रोपं सरळ शेतात लावली. ठिबक चालू होतं, तरी चार दिवसांत पानं भाजली. उन्हाळ्यात मोठ्या बागेलाही पाणी किती आणि कधी द्यावं?
– तरुण शेतकरी, ता. चोपडा

उत्तर : भाऊ, रोपांना पाणी कमी पडलं नाही, वेळ कमी पडला.

१९६२ साली इटलीत फेरुच्चो रितोसा नावाच्या संशोधकाला फळमाशीत एक विचित्र गोष्ट दिसली. उबवणीच्या पेटीचं तापमान चुकून वाढलं होतं आणि माशीच्या पेशींत गुणसूत्रांचे काही ठरावीक भाग फुगून कामाला लागले होते. त्यातून पुढे उष्माघात-प्रथिनांचा शोध लागला. उष्णतेनं पेशीतली इतर प्रथिनं उलगडून गोळा व्हायला लागतात, तेव्हा ही प्रथिनं त्यांना धरून ठेवतात आणि पुन्हा घडी घालून देतात. वनस्पतींतही ती असतात. सोयाबीनच्या रोपांवर एक प्रयोग झाला: रोपं थेट ४५ अंशांत नेली तर मरत, पण आधी दोन तास ४० अंशांत ठेवली तर तोच ४५ चा मारा सोसत. त्या दोन तासांत त्यांनी ही प्रथिनं तयार करून ठेवली होती.

तुमच्या रोपांना हा अवधी मिळाला नाही. पॉलिहाउसमधली दमट हवा आणि गाळीव उजेड यांत वाढलेल्या पानावरचं मेण पातळ असतं, पर्णरंध्रं (वाफ बाहेर सोडणारी पानावरची बारीक छिद्रं) उघडीच राहायला सरावलेली असतात. पुढच्या वेळी रोपं आणल्यावर आठवडा-दीड आठवडा हिरव्या जाळीखाली ठेवा, रोज थोडं जास्त ऊन दाखवा, पाणी जरा ताणून द्या आणि मग संध्याकाळी लावा. लावलेल्या रोपाला पश्चिमेकडून झाप किंवा तूर-काठीचा आडोसा करा. दुकानात उष्णतेपासून रक्षण करणारं म्हणून जे टॉनिक विकतात त्यापेक्षा हा आडोसा मला जास्त भरवशाचा वाटतो.

मोठ्या बागेत पाणी हाच कूलर आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता पानातून निघून जाते. म्हणून भरपूर पाणी मिळालेलं पान हवेपेक्षा गार राहू शकतं. पाणी तुटलं, पर्णरंध्रं मिटली की तेच पान हवेपेक्षा काही अंश जास्त तापतं. मे महिन्यात निसवलेल्या झाडाला जमिनीप्रमाणे रोज १५ ते २५ लिटर लागतं. ते एकदम देऊ नका, तुकडे करून द्या, आणि त्यातला मोठा हिस्सा रात्री किंवा पहाटे. दुपारी पानाच्या दोन्ही फाळी मधल्या शिरेच्या बाजूने खाली मिटलेल्या दिसतात. ते पाहून घाबरू नका, अंगावर पडणारं ऊन कमी करण्याची ती केळीची रीत आहे. संध्याकाळी पान पुन्हा उघडलं तर सगळं ठीक. सकाळी सातलाही मिटलेलंच असेल तर मात्र मुळाशी उकरून ओल बघा.

पान वाऱ्याने थोडं फाटलं तर तेही फार मनावर घेऊ नका. अरुंद पट्ट्यांवरून वारा जवळून वाहतो आणि त्या अखंड पानापेक्षा कमी तापतात. पार चिंध्या झाल्या तर मात्र उत्पादन घटतं, म्हणून पश्चिमेची वारारोधक ओळ हवीच.

प्रश्न : मार्चअखेर मिरची आणि टोमॅटोची फुलं गळायला लागतात. गळ दिसली की फवारणी करतो, उपयोग होत नाही.
– मिरची उत्पादक, ता. शहादा

उत्तर : कारण गळणाऱ्या फुलाचं नुकसान आठ-दहा दिवस आधीच झालेलं असतं. कळी लहान असताना तिच्यात परागकण घडतात, आणि संपूर्ण झाडात उष्णतेला सर्वांत नाजूक तेच. दिवसा ३५ च्या वर आणि रात्री २५ च्या खाली न उतरणारं तापमान टोमॅटोचे पराग निकामी करायला पुरतं. मिरचीचंही साधारण असंच. त्यात रात्रीचा वाटा मोठा असतो, हे आपण विसरतो. झाड हिरवंगार दिसत असतं आणि फळ धरत नाही ते यामुळे. गळ सुरू झाल्यावर बाटल्या आणू नका. लागवडीची तारीख अशी मागे घ्या की मुख्य बहर मार्चच्या मध्याआधी उरकेल. उशिराच्या पिकाला मधल्या सरींत मक्याची ओळ सावलीसाठी ठेवा. आणि झाड उपटण्याची घाई करू नका. मिरचीचं झाड तगलं तर पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा बहरतं.

प्रश्न : गच्चीवरच्या कुंड्यांना दुपारी पाणी घातलं तर थेंबांमुळे पानं जळतात म्हणतात. खरं का?
– जळगाव

उत्तर : गुळगुळीत पानावरच्या थेंबाने पान जळत नाही. जळतात ती मुळं. दुपारी पाइपात साचलेलं पाणी हात लावता येणार नाही इतकं तापलेलं असतं. ते आधी बादलीत काढून गार होऊ द्या. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांना बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा, त्या पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, एकमेकींना चिकटून ठेवा आणि पाणी पहाटे घाला. दुपारी तीनला रोप मान टाकत असेल आणि माती बोटभर खाली ओली असेल, तर आणखी पाणी घालू नका, कुंडी सावलीत सरकवा.